काट्याची पलीकडली बाजू

"आप्पा, पाटीवर तेरा लिवलंय. मग मला साडेअकरा कसं?"

कडूबाई एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही, कपाळाला आठी नाही. जिनिंगमध्ये कापसाच्या धुरळ्यात इतकी वर्षं काढलेल्या बाईचा आवाज तसाही खालच्याच पट्टीतला, थोडा घोगरा. पण माझं बोट बटणावर होतं ते तिथंच राहिलं. नव्या काट्यावर साखरेची पिशवी, तिचं तोंड उघडं, आणि काचेतले लाल आकडे जरासुद्धा हलत नव्हते. वजन पाच किलो. दर साडेअकरा. पैसे साडेसत्तावन्न. जुनी तागडी असती तर दांडी अजून हेलकावे खात असती, तेवढ्यात माणसाला काहीतरी सुचतं. ह्या मशिनीत सुचायला जागाच ठेवलेली नाही. बाकड्यावर माणिकराव तूरडाळीसाठी पिशवी मांडीवर घेऊन बसलेले, त्यांनी मान वर केली. गल्ल्यापाशी माझी सून महादेवी, तिनं पण मान वर केली. बारा वर्षांत ह्या बाईनं मला भावाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. विचारला तो आज, आणि कमी का लावला म्हणून! परभणीच्या मोंढ्यात तुम्ही पन्नास दुकानं फिरा, असा सवाल करणारं गिऱ्हाईक तुम्हाला भेटायचं नाही.

काटा आणला महादेवीनं. उदगीरकडची पोरगी, बी. कॉम. झालेली. लग्न होऊन आली ती तिसऱ्या महिन्यात दुकानात बसली, आणि सहाव्या महिन्यात तिनं तेलाच्या डब्यांमागून भावाची पाटी ओढून काढली. ती पाटी मी घेऊन ठेवली होती, नाही असं नाही. पुरवठा खात्याचा माणूस तपासणीला यायची कुणकुण लागली की बाहेर मांडायची, तो गेला की पुन्हा भिंतीकडं तोंड करून डब्यांमागं. तिनं ती दारात टांगली, आणि रोज सकाळी खडूनं भाव लिहायला लागली. साखर, तूर, गोडेतेल, गूळ. मी म्हणालो, "अगं, भाव तोंडानं सांगायचा असतो. लिवला की मेला." तर म्हणते कशी, "मामा, तोंडाचा भाव तोंड बघून बदलतोय. लिवलेला न्हाई बदलत." खरं बोलणाऱ्या सुनेपुढं सासऱ्यानं गप्पच बसावं. मग संक्रांतीच्या तोंडावर हा काटा. मोंढ्याच्या रस्त्याला पहिलाच. लोक नुसतं बघायला यायचे. त्याला दोन काचा, एक आमच्याकडं, एक गिऱ्हाइकाकडं. जे आकडे आम्हाला दिसतात तेच पलीकडं उभ्या माणसाला. पहिल्या दिवशी मी रिवाजाप्रमाणं विभूती लावायला गेलो तर कळेना कुठं लावावी. जुन्या तागडीच्या दांडीला आमचे वडील, शिवाप्पा, तीन बोटं ओढायचे आणि म्हणायचे, काट्यावर शिव बसलाय. मी दोन्ही काचांवर ओढली. महादेवीनं पाया पडून ती फडक्यानं पुसली. म्हणाली, "आकडे दिसाया पाहिजेत, मामा."

काट्यावर शिव बसलाय म्हणणाऱ्या वडिलांनीच मला करंगळीचं काम शिकवलं. आता झाकून काय करायचं! डाव्या हातात तागडी धरायची, माल पारड्यात पडताना करंगळी खाली सोडायची. टेकली न टेकली. किलोमागं पन्नास ग्रॅम. बघणाऱ्याला वाटावं दुकानदार दांडी सावरायला लागलाय. ज्याला वजन कळतं, जो भांडतो, ज्याचा भाऊ तहसिलीत आहे, त्याच्या वेळी करंगळी वर. बाजाराला खेड्यातून आलेल्या बाया, मजुरी करून सांजेला येणाऱ्या बाया, ज्यांना घरी जायची घाई असते, त्यांच्या वेळी करंगळी खाली. आणि श्रावणात मठात दासोहाला, म्हणजे अन्नदानाला, चार पोती तांदूळ. एका हातानं घ्यावं, एका हातानं द्यावं, बरकत राहते, असं वडील म्हणायचे. मी कधी उलटून विचारलं नाही की घ्यायचं कुणाचं आणि द्यायचं कुणाला. माझ्या हातानं वडिलांच्या हातापेक्षा एकच गोष्ट जास्त केली. कडूबाई पुढं उभी राहिली की करंगळी मालाच्या पारड्यावर दाबायची नाही, तर वजनाच्या पारड्याला टेकायची. तिचा किलो अकराशे, साडेअकराशे ग्रॅमचा व्हायचा. भाव सगळ्यांना सांगितला तोच. कुणाला कळायचं कारण नाही, तिला तर नाहीच. झाकली मूठ सव्वा लाखाची. बारा वर्षं मी ती मूठ झाकून ठेवली आणि दर खेपेला ती पिशवी उचलून निघाली की माझ्या छातीवरचं एक वजन कोणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटायचं. रात्रीपर्यंत पुन्हा चढायचं, ती गोष्ट वेगळी.

तिला जे जास्त जायचं ते कुठून यायचं? हा सवाल मला पडायचा नाही असं कसं म्हणू. घरचं नुकसान मी एक पैशाचं होऊ दिलं नाही. कडूबाई बहुतेक बायनाबाईच्या संगतीनं यायची. दोघी जिनिंगमागच्या वस्तीतल्या, शेजारणी. आधी कडूबाईला मोजायचं, मग बायनाबाईला. पहिलीला शंभर ग्रॅम जास्त सुटले की दुसरीच्या वेळी हात आपोआप खाली जायचा. मी जाणून करत होतो का? हाताला सवय असते, असं म्हणून मी मोकळा व्हायचो. हात माझाच होता, हे काही मी विसरलो नव्हतो.

आम्ही मूळचे खेड्यातले. गावाचं नाव मी कुणाला सांगत नाही, चुडाव्याच्या स्टेशनावरून आमचा माल बैलगाडीनं यायचा एवढं पुरे. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो, आणि गावात किराणा एकट्या माझाच. विद्यापीठ औरंगाबादेत, आमच्या गावातला एक माणूस तिथली पायरी चढला नव्हता, पण नाव बदलणार म्हटल्यावर गावाला काय झालं कुणास ठाऊक. एका दुपारी गावकुसाबाहेरच्या वस्तीकडून धूर दिसला. मी ओट्यावर उभा राहून बघितला आणि आत गेलो. दुसऱ्या दिवशी आबासाहेब आले, गावचे मोठे शेतकरी, मागं चार जण. ओट्यावर बसले, पान खाल्लं, आणि शांतपणे म्हणाले, "वीरुपाक्ष, त्यांला काडीपेटीसुदिक द्यायची न्हाई. आमी तुला काय म्हणत न्हाई, तू शहाणा हाईस." मी मान हलवली. आमच्यात जातपात मानत नाहीत असं स्वामी मठात सांगायचे आणि मीही गिऱ्हाइकांना मोठ्या तोंडानं सांगायचो. पण पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार, असं मी स्वतःला समजावलं. समजावणं सोपं होतं. जळत होतं ते माझं घर नव्हतं.

तो श्रावणातला सोमवार होता. सकाळी महादेवाला दूधसाखरेचा अभिषेक करून आलो होतो. दुपारी चारच्या सुमाराला मागच्या बोळातून एक बाई आली. जळालेल्या घरांतली होती. कडेवर वर्षा-दीड वर्षाची पोरगी, मान खांद्यावर टाकलेली, डोळे अर्धे उघडे. बाईच्या मुठीत पाचाची नोट. म्हणाली, "जुलाब थांबंनात. नर्सबाई म्हणल्या साखर-मिठाचं पाणी पाजा. पावशेर साखर द्या, मीठ द्या." मी म्हणालो, "माल न्हाई." ती म्हणाली, "चिमूटभर द्या." नोट तिनं एका टोकाला धरून पुढं केली होती, माझा हात तिच्या हाताला लागू नये अशी. मी पुन्हा म्हणालो, "माल न्हाई." समोर पारावर आबासाहेबांचा माणूस बसला होता म्हणून मी तसं म्हणालो, असं मी सोळा वर्षं स्वतःला सांगत आलोय. आणि खरं सांगतो, आता मला खात्री देता येत नाही की तो माणूस त्या दिवशी पारावर होता. कदाचित आदल्या दिवशी असेल. कदाचित पार मोकळाच असेल आणि मी मोकळ्या पारालाच भ्यालो असेन. तिनं माझ्या खांद्यावरून आत बघितलं, आणि आल्या बोळानं गेली. चार दिवसांनी वस्ती रिकामी झाली. ते लोक कुठं गेले ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

दोन वर्षांनी मी दुकान परभणीला आणलं. लोकांना सांगितलं, लेकराच्या शिक्षणासाठी. आणि ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात एक बाई दारात उभी राहिली, "मीठ हाय का?" म्हणून. मी वर बघितलं आणि ओळखलं, बोळातली तीच बाई, हीच कडूबाई. माझी तेव्हाची मिशी गेली होती, पोट सुटलं होतं, चष्मा लागला होता. तिनं मला ओळखलं नाही, असं मी त्या क्षणी ठरवून टाकलं. ठरवलं म्हणूनच तिला माल देऊ शकलो. पोरगी बरोबर नव्हती. तेव्हापासून माझा एक वेगळाच रोग सुरू झाला. ती आली की आधी तिच्या मागं बघायचं. शहाऐंशी-सत्याऐंशी साली एकदा एक नऊ-दहा वर्षांची मुलगी तिचा पदर धरून आली. दोन वेण्या, नाकात काडी. वय जुळत होतं. मी तिला दोन गोळ्या दिल्या, तर तिनं कडूबाईकडं बघून घेतल्या. पण बायनाबाईपण तिथंच होती, आणि जाताना ती पोरगी दोघींच्या मधून चालली. कुणाची होती? एक शब्द विचारला असता तर कळलं असतं. "लेक का तुझी?" एवढाच. दुकानदार दिवसातून वीस गिऱ्हाइकांना असलं काहीबाही विचारतो. मला विचारता आलं नाही. ती नाही म्हणाली असती तर पुढचं ऐकायची माझी छाती नव्हती, आणि हो म्हणाली असती तर मला रडू आलं असतं, मग का रडायलाय ते सांगावं लागलं असतं. मी तिच्या पिशवीत मूठभर साखर जास्त टाकली आणि पोरगी जगली असं त्या दिवसापुरतं मानलं. दुसऱ्या दिवशी मेली असं वाटायला लागलं. अशी ती माझ्या मनात किती वेळा मेली आणि उठली, त्याची गणती नाही.

ह्या संक्रांतीला विद्यापीठाचं नाव अखेर बदललं. दोन दिवस बाजार बंद, चौकात पोलीस, लोक घरात रेडिओला कान लावून. आज दुकानं उघडली. अकराच्या सुमाराला कडूबाई एकटीच आली, धुतलेलं पातळ नेसून, आणि इतक्या आनंदात मी तिला कधी बघितलं नव्हतं. म्हणाली, "पाच किलो साखर द्या आप्पा. वस्तीत गोड करायचंय, सगळ्यांनी वर्गणी काढली." पाच किलो! बारा वर्षांत तिनं दोनच्या वर कधी नेली नव्हती. मी पिशवी काट्यावर ठेवली, आणि करंगळी सवयीनं खाली गेली. तर आकडे लगेच हलले, पाचाचे सव्वापाच की काय, काहीतरी भलतंच. मी हात मागं घेतला. ह्या काट्यावर हाताचं काही चालत नाही. आणि आजच्या दिवशी, ह्याच साखरेला, तिला सगळ्यांसारखं मोजायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून मी दर दाबला. साडेअकरा. माझी खरेदी बाराची होती. मला वाटलं, झालं, कुणाला कळतंय. तीस वर्षं काट्याच्या एकाच बाजूला उभं राहिलेला माणूस मी. पलीकडच्या काचेत तिला तेच दिसत असेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

"चुकून दाबलं असंल, मामांनी," महादेवी म्हणाली, आणि गल्ल्यापासून उठून तिनं दर बदलला. तेरा. पासष्ट रुपये. "सवय न्हाई ना त्यांला अजून. हे घ्या, बरोबर झालं."

कडूबाईनं आकड्यांकडं बघितलंच नाही. ती माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "चुकून न्हाई. आप्पाचा हात चुकत नसतो."

"अगं बाई," माणिकराव बाकड्यावरून म्हणाले, "सस्तं मिळायलंय तर घ्यावं की मुकाट! लक्ष्मी दारात आली आन् तू तिला नाव-गाव इचारायलीस."

"मुकाट घेतलं असतं, मालक," ती म्हणाली. "पण मला एक गोष्ट आठवायली." मग ती माझ्याकडं वळली. "आप्पा, मी आन् बायनाबाईनं डालड्याचे दोन रिकामे डबे तुमच्याकडूनच नेले व्हते. सारखेच. दोघी बी दोन-दोन किलो साखर न्यायचो, एकाच दिवशी. माझा डबा भरून वर मूठभर उरायची. तिचा चार बोटं रिकामा. मी तिला हसायची. म्हणायची, तुझ्या घरात मुंग्या लय, न्हाईतर लेकरं चोरून खायलेत. तिनं त्यापायी पोराला चुलीतल्या लाकडानं मारलं, आप्पा. दोनदा मारलं. पोरगं म्हणायचं, मी न्हाई खाल्ली. मीच म्हणलं, खोटं बोलायलंय."

मला वाटलं होतं बारा वर्षं मी माझं पाप फेडतोय. फेडत काय होतो! ह्या बाईच्या डब्यात शेजारणीच्या लेकराच्या तोंडचं काढून टाकत होतो आणि वर स्वतःला हलकं वाटून घेत होतो. माझी लाज मला वाटली, इतकी, की आपण उभे आहोत ते ठिकाण सोडून कुठंतरी निघून जावंसं वाटलं.

"माझ्यावरच का मेहेरबानी?" कडूबाई म्हणाली. "ते तेवढं तोंडानं सांगा."

माणिकराव होते, सून होती. उद्या मोंढ्यात बोभाटा झाला असता. आणि तरी मला कळत होतं की आज बोललो नाही तर पुन्हा मला कुणी विचारणार नाही.

"माल होता," मी म्हणालो. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो. "त्या दिवशी गावात. साखर होती, मीठ होतं. पोती माझ्या पाठीमागंच होती. मी न्हाई म्हणालो."

"ते मला त्याच दिवशी म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "तुमच्या मनगटाला साखर चिकटलेली व्हती."

"मला ओळखलं होतंस?"

"पयल्याच दिवशी."

"मग बारा वर्षं येत का राहिलीस?"

तिला हा सवालच विचित्र वाटला असावा. "वस्तीजवळ दुकान तुमचंच," ती म्हणाली. "मीठ-मिरची कुठून तरी आणायचीच की. समद्या दुकानदारांची तोंडं धरून बसले असते तर आमी खाल्लं काय असतं?"

तिनं पदराची गाठ सोडली, वर्गणीतल्या चुरगळलेल्या नोटा एकेक सरळ करून पासष्ट रुपये महादेवीच्या हातात मोजले. पिशवीचं तोंड दोरीनं बांधलं. म्हणाली, "बायनाबाई सांजच्याला येईल. तिला बी ह्योच काटा लावा. आन् तिच्या पोराबद्दल तिला मीच सांगते, तुमी सांगू नका." मी मान हलवली. ती पिशवी डोक्यावर घ्यायला वाकली, आणि मला दिसलं की ती आता जाईल आणि हे पुन्हा कधी निघणार नाही. सोळा वर्षं जिभेखाली धरून ठेवलेलं तसंच बाहेर पडलं.

"कडूबाई, तुमची ती पोरगी... कडेवरची... ती हाय ना?"

ती सरळ झाली. पिशवी डोक्यावर नीट बसवली. रागावली नाही, तेच मला सहन होईना. मग म्हणाली, "ते त्या दिवशी इचारायचं व्हतं, आप्पा."

आणि ती उतरली, रस्त्याला लागली. मागं वळून बघितलं नाही.

माणिकराव तूरडाळ न घेताच उठले, काहीतरी काम आठवलं म्हणाले. महादेवी कडूबाईच्या नोटा हातात धरून उभी होती. हळूच म्हणाली, "मामा, कुठली पोरगी? काय नाव तिचं?"

मी सांगायला तोंड उघडलं. नाव मला माहीत नव्हतं.